तोच कर्करोग, मग स्त्री आणि पुरुषात फरक कशामुळे पडतो?

२०२२ साली जगभरात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कर्करोगाचं निदान झालं. त्यांत पुरुष १ कोटी ३ लाख आणि स्त्रिया ९७ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. त्याच वर्षी कर्करोगाने दगावलेल्यांत मात्र ५४ लाख पुरुष होते आणि ४३ लाख स्त्रिया. नव्या रुग्णांतला फरक सहा लाखांचा, मृत्यूंतला अकरा लाखांचा. ही दरी रुंदावते कशी?

यातला बराच भाग कोणता कर्करोग कोणाला जास्त होतो यावरून उलगडतो. स्त्रियांच्या वाट्याला सर्वाधिक येतो तो स्तनाचा कर्करोग. २०२२ मध्ये त्याचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण होते आणि मृत्यू ६ लाख ७० हजारांच्या आसपास. पुरुषांच्या वाट्याला सर्वाधिक येतो तो फुफ्फुसाचा. त्याच वर्षी पुरुषांत त्याचे जवळपास १६ लाख नवे रुग्ण आणि १२ लाख मृत्यू झाले. एक आजार लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी, दुसरा बहुतेकदा उशिरा सापडणारा आणि हटवादी. त्यामुळे सगळे कर्करोग एका बेरजेत घालून ‘बायका कर्करोगातून जास्त वाचतात’ असं म्हणणं हा चुकीचा हिशेब आहे.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. एकच कर्करोग, एकच टप्पा, सारखं वय, सारखे उपचार अशी माणसं शेजारी-शेजारी ठेवली, तरीही फरक उरतो का? अनेक कर्करोगांत उरतो. तो का उरतो हे समजून घ्यायला हार्मोन, जनुकं, गुणसूत्रं, प्रतिकारशक्ती आणि उपचारांची मात्रा या सगळ्यांतून जावं लागतं. एकच कारण सांगून हा विषय संपवणाऱ्या मजकुरापासून सावध राहावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा परिणाम आजारी माणसाच्या निर्णयांवर होतो.

कर्करोग होणं वेगळं, त्यातून वाचणं वेगळं

मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांना स्त्रियांच्या तीन ते चार पट होतो. पण ज्या स्त्रियांना तो होतो, त्यांची गत सरासरीने पुरुषांपेक्षा वाईट असते. थायरॉइडचा कर्करोग याच्या उलट आहे. तो स्त्रियांना सुमारे तिप्पट होतो, पण पुरुषांत सापडतो तेव्हा अनेकदा पुढच्या टप्प्यावरचा आणि जास्त आक्रमक असतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात स्त्रियांची बाजू ठळकपणे वरचढ आहे. युरोपातल्या वैद्यकीय चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा स्त्रियांना मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. गाठीची जाडी, जागा आणि वय यांचा हिशेब धरूनही तो फरक गेला नाही.

म्हणजे ‘धोका’ हा शब्द ऐकला की आधी विचारावं, कसला धोका? आजार होण्याचा, की झाल्यावर त्यात जाण्याचा? दोन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात.

आजार होण्याच्या धोक्याबद्दल सवयींचं स्पष्टीकरण पटकन दिलं जातं: पुरुष जास्त धूम्रपान करतात, जास्त दारू पितात, रसायनांच्या संपर्कात जास्त येतात. हे खरंच आहे, पण अपुरं आहे. अमेरिकेत ५० ते ७१ वयाच्या जवळपास तीन लाख लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. धूम्रपान, मद्यपान, वजन, व्यायाम, आहार, औषधं असं सगळं जमेस धरूनही पुरुषांचा धोका बहुतेक कर्करोगांत जास्तच राहिला. अन्ननलिकेच्या एका प्रकारात तो दहापटींहून अधिक होता, स्वरयंत्र आणि मूत्राशयात तिपटीहून अधिक. सवयींच्या पलीकडे शरीरातच काहीतरी आहे, हे मानायला ही आकडेवारी भाग पाडते.

वाचण्याच्या बाबतीत मात्र अगदी साध्या गोष्टीही मोठा परिणाम करतात. लघवीतून रक्त आलं की पुरुषाला लवकर तपासणीला पाठवलं जातं. स्त्रीच्या बाबतीत तेच लक्षण आधी मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा पाळीशी संबंधित त्रास समजलं जातं, प्रतिजैविकांचा एक कोर्स होतो, मग दुसरा होतो. मूत्राशयाच्या कर्करोगात स्त्रियांचं जगणं कमी का, याचा एक भाग या उशिरात आहे. तिथे जनुकशास्त्राची वाट पाहायची गरज नाही. संसर्गाचा पुरावा नसताना किंवा उपचारानंतरही लघवीत रक्त येत राहिलं, तर पुढची तपासणी व्हायलाच हवी.

हार्मोन जनुकांपर्यंत पोहोचतं कसं

आता मुख्य भागाकडे येऊ. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार प्रथिनं बनवणारी जनुकं असतात. यकृताची पेशी आणि त्वचेची पेशी वेगळ्या दिसतात, कारण प्रत्येकीत वेगवेगळी जनुकं कामाला लागलेली असतात. जनुक कामाला लागलं की त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. एखाद्या जनुकाच्या नकला किती प्रमाणात तयार होत आहेत, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी ती कमी-जास्त होते. चालू किंवा बंद अशा दोनच स्थिती तिला नसतात.

हे बटण फिरवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक म्हणजे लैंगिक हार्मोन. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन हे चरबीत विरघळणारे छोटे रेणू आहेत. ते पेशीच्या पडद्यातून आत जातात आणि आत त्यांची वाट पाहत असलेल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतात. हार्मोन चिकटलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, तो पेशीकेंद्रात डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतो आणि शेजारच्या जनुकांची अभिव्यक्ती वाढवतो किंवा घटवतो. म्हणजे हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरत असलं तरी ज्या पेशीत रिसेप्टर आहे तिथेच त्याचा हुकूम चालतो. शिवाय एकाच रिसेप्टरला स्तनात वेगळी जनुकं उघडी मिळतात आणि यकृतात वेगळी. म्हणूनच एकच हार्मोन एका अवयवात गाठीला खतपाणी घालतं आणि दुसऱ्या अवयवात तिला आवर घालतं. ‘इस्ट्रोजेन चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात कुठल्या अवयवात हे विचारलेलंच नाही.

रिसेप्टर माहीत होण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी हा संबंध ओळखला होता. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी पुढे गेलेल्या स्तनाच्या कर्करोगात अंडाशय काढून टाकल्यावर गाठी आक्रसल्याचं नोंदवलं. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन तोडलं की प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग माघार घेतो. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. या दोघांच्या मधल्या काळात इस्ट्रोजेन म्हणजे नेमकं काय हे कळलं, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस एल्वूड जेन्सन यांनी त्याचा रिसेप्टर शोधून काढला. मग टॅमॉक्सिफेनसारखी औषधं आली. ती स्तनाच्या पेशीत रिसेप्टरची जागा अडवतात आणि इस्ट्रोजेनला चिकटू देत नाहीत.

प्रोस्टेटच्या तपासणीत पीएसए मोजतात, ते अनेकांना ठाऊक असतं. पीएसए हे प्रथिन ज्या जनुकापासून बनतं, ते टेस्टोस्टेरॉनच्या रिसेप्टरच्या थेट हुकुमाखाली आहे. म्हणून हार्मोन अडवणारी औषधं सुरू केली की पीएसए झपाट्याने उतरतं. रक्ताच्या त्या साध्या चाचणीत डॉक्टर एका हार्मोननियंत्रित जनुकाची अभिव्यक्तीच आडमार्गाने पाहत असतात.

आणि रिसेप्टर स्त्री-पुरुष असा भेद पाळत नाही. स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे एक टक्का रुग्ण पुरुष असतात आणि त्यांच्यातल्या बहुसंख्य गाठींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर सापडतो. त्यांनाही टॅमॉक्सिफेन दिलं जातं. उपचार ठरतो तो गाठीत काय सापडलं यावरून. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: स्त्री किंवा पुरुष ही नोंद आत चाललेल्या अनेक गोष्टींचा एक ढोबळ अंदाज देते. आतली गोष्ट थेट मोजता येत असेल, तर ती मोजावी.

स्तन आणि प्रोस्टेटच्या पलीकडे

यकृताचा कर्करोग पुरुषांना दोन ते तीन पट होतो. हिपॅटायटिस आणि दारू यांनी त्याचा काही भाग समजतो. पण उंदरांना यकृताचा कर्करोग घडवणारं एकच रसायन सारख्या मात्रेत दिलं, तरी नरांना तो कितीतरी जास्त होतो, आणि उंदरांच्या बाबतीत सवयींचा प्रश्नच येत नाही. २००७ मध्ये याचं एक कारण समोर आलं. इजा झालेल्या यकृतातल्या रक्षक पेशी आयएल-६ नावाचा दाह वाढवणारा रेणू सोडतात. इस्ट्रोजेन त्याचं उत्पादन दाबतं. नरांत हा रेणू जास्त सुटतो, दाह जास्त होतो, मरणाऱ्या पेशींची जागा भरायला नव्या पेशींचं विभाजन जास्त होतं, आणि त्यातून गाठ धरते.

२०१२ मध्ये याहून विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. फॉक्स-ए-१ आणि फॉक्स-ए-२ ही दोन प्रथिनं डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करून हार्मोन रिसेप्टरना बसायला जागा करून देतात. उंदरांच्या यकृतातून ती दोन्ही काढून टाकल्यावर चित्र उलटलं. आता माद्यांना कर्करोग जास्त होऊ लागला आणि नरांना कमी. हार्मोन तेच होतं, रिसेप्टरही होते. बदलली होती ती फक्त रिसेप्टरना डीएनएवर मिळणारी जागा. हार्मोनची रक्तातली पातळी हा कथेचा निम्माच भाग असतो, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा प्रयोग मला माहीत नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दलही असाच एक धागा आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही जोडी घेणाऱ्या स्त्रियांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. हार्मोन घेणाऱ्या गटात मोठ्या आतड्याचे कर्करोग सुमारे ४४ टक्क्यांनी कमी आढळले. पण जे आढळले ते निदानाच्या वेळी जास्त पसरलेले होते. आणि त्याच चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला होता. त्यामुळे आतडं वाचवायला म्हणून कोणी हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत. होण्याचा धोका घटतो आणि निदान मात्र वाईट टप्प्यावर होतं, या दोन गोष्टी एकाच औषधाच्या बाबतीत एकत्र दिसू शकतात, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

इथे एका गैरसमजाकडे थोडं थांबून पाहायला हवं. कर्करोग बहुतांशी उतारवयातला आजार आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन जवळपास थांबतं. पुरुषांत मात्र टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अॅरोमटेज नावाच्या एन्झाइममुळे आयुष्यभर इस्ट्रोजेनमध्ये बदलत राहतो. परिणामी साठीतल्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या, हार्मोनची औषधं न घेणाऱ्या स्त्रीपेक्षा एस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, अनेकदा जास्त असतं. मग साठीतल्या स्त्रीला कुठे फायदा दिसला, तर तो ‘तिच्या इस्ट्रोजेनमुळे’ असं झटकन कसं म्हणायचं? तिच्या पेशींवर आधीच्या चाळीस वर्षांच्या हार्मोनने डीएनएभोवती सोडलेल्या रासायनिक खुणा असू शकतात, तिच्यात टेस्टोस्टेरॉन कमी असण्याचा परिणाम असू शकतो, किंवा कारण हार्मोनमध्ये नसून गुणसूत्रांत असू शकतं.

टेस्टोस्टेरॉन आणि थकलेल्या टी पेशी

कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशी गाठीत फार काळ लढत राहिल्या की निष्प्रभ होतात. संशोधक याला टी पेशींचा थकवा म्हणतात. २०२२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की या टी पेशींमध्येही टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर असतो आणि त्याचं काम या थकव्याला हातभार लावतं. उंदरांत हा संकेत तोडल्यावर टी पेशी जास्त तडफेने लढल्या आणि इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा, परिणाम वाढला. त्याच वर्षी मेलॅनोमाच्या संदर्भात आणखी एक निष्कर्ष आला: ठरावीक जनुकबदलावर नेम धरणारी औषधं चालू असताना टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर अडवला, तर त्या औषधांचा प्रतिसाद सुधारतो.

प्रोस्टेटशी काहीही संबंध नसलेल्या कर्करोगात प्रोस्टेटसाठी बनवलेली औषधं वापरून पाहण्याची कल्पना इथून पुढे आली. कल्पना आशादायक आहे. पण ती चाचण्यांमध्येच तपासली जायला हवी, कोणी स्वतःहून हार्मोन रोखणारी गोळी घ्यावी अशी ही गोष्ट नव्हे. हाडं ठिसूळ होणं, थकवा, मधुमेहाचा वाढता धोका ही त्या औषधांची किंमत आहे.

गुणसूत्रांची स्वतंत्र बाजू

स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. स्त्रीच्या दोनपैकी एक एक्स प्रत्येक पेशीत बहुतांशी गप्प केलं जातं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. ‘बहुतांशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक्सवरची साधारण १५ टक्के जनुकं या गप्प करण्यातून निसटतात आणि दोन्ही प्रतींवरून काम करत राहतात. त्यांच्यात कर्करोगाला आवर घालणारी काही जनुकंही आहेत. २०१७ मध्ये अशी सहा जनुकं नोंदवली गेली, केडीएम-६-ए आणि एटीआरएक्स ही त्यांतली दोन.

परिणाम समजायला सोपा आहे. पुरुषाच्या पेशीत अशा जनुकाची एकच चालू प्रत असते आणि ती बिघडली की लगाम सुटतो. स्त्रीच्या पेशीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात.

पण हार्मोनचा परिणाम आणि गुणसूत्रांचा परिणाम वेगळा करायचा कसा? माणसांत हे दोन्ही जवळजवळ नेहमी एकत्र येतात. त्यासाठी उंदरांची एक हुशार पैदास वापरतात. वृषण तयार करण्याचा आदेश देणारं जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर ठेवलं, की चार प्रकारचे उंदीर मिळतात: दोन एक्स असून अंडाशयं, दोन एक्स असून वृषण, एक्स-वाय असून अंडाशयं, एक्स-वाय असून वृषण. २०१८ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी हा प्रयोग झाला. अंडाशयं असणाऱ्यांना फायदा होता, आणि दोन एक्स असणाऱ्यांनाही होता, मग त्यांच्यात वृषण असोत वा अंडाशयं. दोन्ही परिणाम खरे निघाले आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले निघाले. एक्सच्या बाजूने काम करणाऱ्या जनुकांत केडीएम-६-ए पुन्हा समोर आलं.

वाय गुणसूत्राची गोष्ट तर गेल्या काही वर्षांतच उलगडते आहे. पुरुषांचं वय वाढतं तसं काही रक्तपेशींतून वाय गुणसूत्र हरवत जातं. सत्तरीच्या पुरुषांत ४० टक्क्यांहून अधिकांच्या रक्तात अशा काही पेशी सापडतात. २०२३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात दिसलं की गाठीच्या पेशींनीच वाय गमावलं असेल, तर ती गाठ जास्त आक्रमक असते. उंदरांत अशा गाठी वेगाने वाढल्या, पण केवळ ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती त्यांच्यातच. म्हणजे वाय गमावलेली गाठ टी पेशींना थकवून वाढत होती. आणि म्हणूनच थकलेल्या टी पेशींना जागं करणाऱ्या इम्युनोथेरपीला त्याच गाठींनी जास्त चांगला प्रतिसाद दिला. जी गाठ एका अर्थाने जास्त धोकादायक, तीच एका ठरावीक उपचारापुढे जास्त हतबल.

‘हे जनुक स्त्रियांच्या जगण्याशी निगडित’ अशी बातमी वाचताना

असे निष्कर्ष आता खूप येतात. रुग्णांच्या गाठींतल्या हजारो जनुकांची अभिव्यक्ती मोजलेली असते, कोण किती वर्षं जगलं याची नोंद असते, आणि संगणक दोन्हींचा संबंध शोधतो. ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या ३३ प्रकारच्या कर्करोगांची अशी माहिती एका अमेरिकी प्रकल्पाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. हे काम मोलाचं आहे. मात्र त्यात दोन सापळे आहेत आणि त्यांत शास्त्रज्ञही अडकतात.

पहिला सापळा संख्येचा. २० हजार जनुकं तपासली आणि शंभरात पाच वेळा चूक चालेल असा निकष ठेवला, तर कोणताही खरा संबंध नसताना सुमारे एक हजार जनुकं ‘महत्त्वाची’ म्हणून वर येतील. निकष त्यानुसार कडक केला आहे का आणि तोच निष्कर्ष रुग्णांच्या दुसऱ्या स्वतंत्र गटात पुन्हा मिळाला का, हे पाहावंच लागतं.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. समजा एखाद्या हार्मोनशी संबंधित जनुकाचा जगण्याशी संबंध ५०० पुरुषांत सिद्ध झाला आणि २०० स्त्रियांत सिद्ध झाला नाही. मथळा येतो, ‘हे जनुक फक्त पुरुषांत महत्त्वाचं’. पण स्त्रियांची संख्या कमी असल्यामुळेही तिथे सिद्धता मिळाली नसेल. एका गटात सापडलं आणि दुसऱ्यात सापडलं नाही, म्हणजे दोन गटांत फरक आहे, असं होत नाही. दोन गटांतल्या परिणामांची थेट एकमेकांशी तुलना करणारी वेगळी चाचणी लागते. ती केलेली नसेल तर निष्कर्ष कच्चा समजावा. मेंदू, मूत्राशय, यकृत अशा कर्करोगांच्या संग्रहांत स्त्रिया कमीच असतात, त्यामुळे ही गफलत वारंवार होते.

काळजीपूर्वक केलेलं कामही आहे. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग पुरुषांना सुमारे १.६ पट होतो आणि नेहमीच्या उपचारांना स्त्रिया जास्त चांगला प्रतिसाद देतात. २०१९ च्या एका अभ्यासात स्त्री आणि पुरुष रुग्णांच्या गाठींचं वेगवेगळं विश्लेषण केलं गेलं. पुरुषांत कोण जास्त जगेल हे पेशीविभाजनाचं चक्र चालवणाऱ्या जनुकांच्या अभिव्यक्तीवरून ओळखता येत होतं. स्त्रियांत ते इंटेग्रिन नावाच्या, पेशींना आजूबाजूला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या मार्गावरून दिसत होतं. आजाराचं नाव एक, पण जगणं ठरवणाऱ्या जनुकांच्या वाटा दोन.

निरोगी शरीराचा आधारही इथे लागतो. २०२० मध्ये ८३८ व्यक्तींच्या ४४ प्रकारच्या ऊती तपासल्या, तेव्हा ३७ टक्के जनुकांची अभिव्यक्ती किमान एका ऊतीत स्त्री-पुरुषांत वेगळी निघाली. आकडा ऐकून चकित व्हायला होतं, पण त्यांतले बहुतेक फरक अगदी लहान होते. दोन स्त्रियांमधला फरक अनेकदा सरासरी स्त्री आणि सरासरी पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो.

प्रयोगशाळेतलाही एक अडथळा सांगायला हवा. पेशी वाढवायच्या द्रवात आम्लता कळावी म्हणून फिनॉल रेड नावाचा लाल रंग वर्षानुवर्षं घातला जात होता. १९८६ मध्ये लक्षात आलं की तो स्वतःच क्षीण इस्ट्रोजेनसारखा वागतो. हार्मोन काढून टाकल्याचं समजून केलेल्या प्रयोगांत प्रत्यक्षात हार्मोनचा संकेत चालू होता. आता हार्मोनवर काम करणारे लोक तो रंग टाळतात.

उपचारांत काय बदलतं

१९८० ते २०१९ या काळातल्या अमेरिकी चाचण्यांत भाग घेतलेल्या २३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती २०२२ मध्ये एकत्र तपासली गेली. तीव्र दुष्परिणामांचा धोका स्त्रियांना ३४ टक्क्यांनी जास्त होता, इम्युनोथेरपीत तर जवळपास ५० टक्क्यांनी. अनेक केमो औषधांची मात्रा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरते. पण त्याच पृष्ठभागाच्या दोन शरीरांत स्नायू आणि चरबीचं प्रमाण वेगळं असतं आणि यकृत औषध किती वेगाने निचरून टाकतं तेही वेगळं असतं. ५-फ्लूरोयुरॅसिल हे आतड्याच्या कर्करोगात नेहमी वापरलं जाणारं औषध स्त्रियांच्या शरीरातून सरासरीने हळू बाहेर पडतं. त्यामुळे तीच मात्रा एकीला जास्त पडते. उलट बाजूने काही पुरुषांना तीच मात्रा अपुरी पडत असण्याची शक्यता आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष दिलं गेलेलं नाही.

इम्युनोथेरपीचा फायदा कोणाला जास्त, यावर मात्र एकमत नाही. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात पुरुषांना जास्त फायदा दिसला, २०१९ च्या दुसऱ्यात दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्ण स्त्री आहे म्हणून कोणी तिला हे उपचार नाकारत असेल किंवा ‘तुम्हाला उपयोग कमी’ असं सांगत असेल, तर त्याला आज आधार नाही.

रुग्णाने किंवा घरच्यांनी डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न यातून निघतात. गाठीत हार्मोनचे रिसेप्टर तपासले आहेत का? औषधाची मात्रा कशावरून ठरवली, आणि त्रास फार झाला तर ती बदलता येते का? रजोनिवृत्तीसाठी, गर्भनिरोधनासाठी, टेस्टोस्टेरॉन वाढवण्यासाठी किंवा लिंगबदलाच्या उपचारांत कोणतीही हार्मोन घेत असाल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घातलं आहे का? पुरुष रुग्ण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असल्याचं अनेकदा सांगत नाहीत, आणि वर टी पेशींबद्दल जे वाचलं त्यावरून ते सांगणं किती गरजेचं आहे हे कळेल.

संशोधनाची बाजूही हळूहळू सुधारते आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवण्याची सूचना केली होती. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. २०१६ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे निधी मागणाऱ्या संशोधकांना प्राणी आणि माणूस या दोन्ही पातळ्यांवर लिंगाचा विचार कसा केला हे सांगावं लागतं. तरीही स्तन, गर्भाशय असे अवयव सोडले तर गाठींच्या जनुकांच्या संग्रहांत बाईची पाळी चालू आहे की थांबली आहे, हे क्वचितच नोंदलेलं असतं. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनची पातळी तर जवळजवळ नसतेच. हार्मोन घेणाऱ्या ट्रान्सजेंडर रुग्णांची स्वतंत्र नोंद फार थोड्या ठिकाणी होते. गाठ काढली त्या दिवशीचं वय, रजोनिवृत्तीची स्थिती, चालू असलेली हार्मोनची औषधं आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन-एस्ट्राडिऑल, इतक्या चार रकान्यांची भर पडली तरी हार्मोनचा वाटा किती आणि गुणसूत्रांचा किती, हे माणसांतच तपासता येऊ लागेल.